गुणी खेळाडूला किती वेळ खेळवायचे?

शालेय स्पर्धांचे दिवस आले की मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावात मैदानाच्या कडेला दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली तक्रार जोरात असते : ‘सर, आमचं पोट्टं येवढं चांगलं खेयते, त्याले बाहेर काहून बसवलं?’ दुसरी जरा हळू आवाजात येते : ‘माह्या पोराले तं कधी आतच घेत नाहीत.’ दोन्ही तक्रारी एकाच माणसाकडे जातात, शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे. त्या बिचाऱ्याच्या हातात अकरा जागा असतात, सोळा-अठरा मुले असतात आणि सामना हरला तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यायचे असते.

चांगल्या खेळाडूला जास्त वेळ मिळायला हवा, हे वरवर पाहता सरळ वाटते. हुशार विद्यार्थ्याला अवघड गणिते देतो, तसेच हे. पण मूल वाढीच्या वयात असेल, तर ‘जास्त वेळ’ हे औषधाच्या मात्रेसारखे असते. कमी पडली तर गुण येत नाही आणि जास्त झाली तर अपाय होतो. शिवाय ज्याला आपण गुणी म्हणतो तो खरोखर गुणी आहे, की फक्त इतरांपेक्षा लवकर वाढलेला आहे, हेही आधी तपासावे लागते. या दोन्ही बाबतींत गेल्या तीस-चाळीस वर्षांत क्रीडाविज्ञानाने बरेच काही सांगून ठेवले आहे. ते आपल्या मैदानांपर्यंत मात्र फारसे पोचलेले नाही.

कॅलेंडरचे वय आणि हाडांचे वय

शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. गटाची रेषा १ जानेवारीला ओढलेली असते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, दोघेही एकाच गटात. वयातला फरक अकरा महिन्यांचा. तिशीतल्या दोन माणसांत अकरा महिन्यांनी काही बिघडत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र ते आयुष्याच्या जवळपास दहाव्या भागाइतके असतात. जानेवारीतला मुलगा थोडा उंच, थोडा वेगवान असतो. प्रशिक्षकाच्या डोळ्यांत तो भरतो, संघात येतो, जास्त खेळतो, म्हणून आणखी सुधारतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा निवडला जातो. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासताना १९८० च्या दशकात ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. नंतर युरोपातील फुटबॉलमध्येही युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्यांची टंचाई दिसली. याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात.

त्याहून मोठा फरक शरीराच्या वाढीचा असतो. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींचा बाराव्याच्या सुमारास. पण ही सरासरी झाली. कुणाची वाढ दोन वर्षे आधी सुरू होते, कुणाची दोन वर्षे उशिरा. त्यामुळे तेरा वर्षांची दोन मुले शेजारी उभी केली, तर एकाचे शरीर पंधरा वर्षांच्या मुलाचे आणि दुसऱ्याचे अकरा वर्षांच्या मुलाचे असू शकते. पहिला धक्क्याने चेंडू काढून घेतो, लांब फटका मारतो, एकटा गोल करतो. गाव म्हणते, काय पोरगा आहे! सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला पोचतात आणि तो अचानक सामान्य वाटू लागतो. दुसरा, जो ताकदीत कमी म्हणून डोके चालवायला, चेंडू पायाजवळ ठेवायला शिकला असता, तो मात्र तोवर खेळ सोडून गेलेला असतो.

मनगटाच्या हाडांवरून वाढीचा अंदाज येतो. खोटे वय लावून खेळणाऱ्यांना रोखण्यासाठी फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली, ती याच तत्त्वावर. तालुक्याच्या शाळेला एमआरआयची गरज नाही. वर्गाच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची पेन्सिलने मांडली, तरी कोण सध्या झपाट्याने वाढतो आहे ते शिक्षकांना कळते. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादमींनी अलीकडे वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. लवकर वाढलेल्या मुलांना तिथे तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाले, तर उशिरा वाढणाऱ्यांना आपले कौशल्य दाखवायची संधी मिळाली.

जास्त वेळ म्हणजे किती?

आता खऱ्या गुणी मुलाचा विचार करू. गावात असा मुलगा सहसा एकाच संघात नसतो. समजा, तो तेरा वर्षांचा आहे. सकाळी शाळेचा सराव दीड तास, आठवड्यात सहा दिवस, म्हणजे नऊ तास. संध्याकाळी मोहल्ल्याच्या संघाबरोबर रोज तासभर, आणखी सहा. रविवारी कुठल्यातरी चषकाचे दोन सामने, दोन तास. बेरीज सतरा तास. मुलाचे वय तेरा.

ही तुलना सहज केलेली नाही. शिकागो परिसरातील सात ते अठरा वयाच्या सुमारे १,२०० मुलामुलींचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला आपल्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास संघटित खेळ खेळणाऱ्यांमध्ये अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त आढळल्या. त्यावरून लक्षात ठेवायला सोपा असा ठोकताळा निघाला : आठवड्याचे तास वयापेक्षा जास्त नकोत. त्याच्या जोडीला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की, आठवड्यात एक ते दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून सुट्टी हवी.

कारण शरीराच्या रचनेत आहे. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चा असते. मांडीचा मोठा स्नायू जिथे गुडघ्याखालच्या हाडाला जोडला जातो, तिथेही ती असते. हाडे भराभर लांब होतात, स्नायू मागे पडतात आणि ताणलेले राहतात. मुलगा दिवसातून शेकडो वेळा धावतो, उडी मारतो, फटका मारतो आणि प्रत्येक वेळी तो ताण या मऊ जागेवर येतो. मग गुडघ्याच्या खाली दुखरा उंचवटा दिसू लागतो. त्याला ऑसगुड-श्लाटर विकार म्हणतात. टाचेच्या मागच्या बाजूला असेच दुखणे होते, ते सेव्हर्स विकार. दोन्ही विकार विश्रांतीने बहुधा पूर्ण बरे होतात. पण ‘थोडं दुखतंय, स्प्रे मार आणि उतर’ असे म्हणत खेळवत राहिले, तर दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. कमरेच्या मणक्यात वारंवार ताणामुळे पडणारी बारीक चीर त्याहून गंभीर असते. खेळाडू मुलाची कंबर दोन-तीन आठवडे सतत दुखत असेल, तर ते अंगदुखी समजून सोडून देऊ नये.

वऱ्हाडच्या मैदानाचा आणखी एक प्रश्न आहे. काळी माती पावसात चिकटते, पाय रुततो आणि शरीर वळते, गुडघा मात्र तिथेच राहतो. पाऊस उघडला की तीच माती दगडासारखी कडक होते आणि भेगांत घोटे मुरगळतात. ऑक्टोबरच्या उन्हात एका दिवसात दोन सामने खेळवले, तर दुसऱ्या सामन्यात थकलेले स्नायू सांध्यांना सांभाळू शकत नाहीत. एका पूर्ण सामन्यानंतर स्नायूंमधली साठवलेली साखर आणि ताकद पूर्ववत व्हायला दोन ते तीन दिवस लागतात. स्पर्धेच्या खर्चासाठी आपण हा हिशेब दोन तासांत बसवतो आणि त्याची किंमत बहुतेक वेळा संघातला सर्वांत चांगला मुलगा मोजतो, कारण त्याला कुणी बाहेर काढत नाही.

बाकावरच्या मुलाचे काय?

दुसऱ्या बाजूला, संपूर्ण हंगामात अर्धा तासही न खेळलेली मुले असतात. त्यांना सराव मिळतो, मग काय बिघडले, असे म्हटले जाते. पण सराव आणि सामना यांत फरक आहे. समोरून धावत येणारा बचावपटू, पंचाची शिट्टी, प्रेक्षकांचा आवाज आणि एका क्षणात घ्यायचा निर्णय, हे सामन्यातच शिकता येते. ज्याला ते मिळत नाही तो मागे पडतो आणि मागे पडला म्हणून त्याला पुन्हा ते मिळत नाही.

कधीकधी बाकावर बसवण्याचे कारण आळस समजले जाते आणि खरे कारण रक्तात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये आणि ३१.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर दम लवकर लागतो, पाय जड होतात. असा मुलगा ‘धावत नाही’ म्हणून बाहेर बसतो. असा शेरा मारण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक साधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे. मुलींच्या बाबतीत तर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर खेळ आणि आहार यांचा मेळ बसत नाही अशी ती सूचना असते. ज्वारीची भाकरी, फुटाणे, शेंगदाणे, तीळ, गूळ, हिरव्या भाज्या, अंडी या आपल्याच घरच्या वस्तू इथे कामाला येतात. झोपही तितकीच महत्त्वाची. लॉस एंजेलिसमधील शाळकरी खेळाडूंच्या २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट दिसली.

आणि शेवटी जो गुणी ठरतो, तो लहानपणी सर्वांत पुढे असतोच असे नाही. जगभरातील ६,००० हून अधिक खेळाडूंच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. प्रौढपणी जागतिक दर्जाला पोचलेल्यांनी लहानपणी एकापेक्षा जास्त खेळ खेळले होते, मुख्य खेळ तुलनेने उशिरा सुरू केला होता आणि त्यांची सुरुवातीची प्रगती संथ होती. बालवयात चमकलेल्यांचे चित्र नेमके उलट होते. म्हणजे बाराव्या वर्षी कोणाला वगळायचे हे ठरवताना आपला अंदाज चुकण्याची शक्यता मोठी असते.

नॉर्वेने हे नियमातच आणले. तिथल्या क्रीडा महासंघाच्या बालक्रीडेच्या नियमांनुसार अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते लावत नाहीत आणि तेरा वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नसते. अर्लिंग हालांड ब्रिने या छोट्या गावात याच पद्धतीत वाढला. अमेरिकेत १९६४ पासून काम करणाऱ्या ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’चा नियम असा की, संघातल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायाम हा मोजक्या पहिलवानांपुरता न ठेवता सर्वांसाठी खुला केला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. सर्वांना खेळवण्याने दर्जा खाली येत नाही, हे सांगायला वऱ्हाडाला नॉर्वेपर्यंत जायची गरज नाही.

एक पराभव आणि वर्ष संपले

क्रीडाशिक्षकाला दोष देणे सोपे आहे, पण त्याला बांधून ठेवणारी दोरी स्पर्धेच्या रचनेत आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी असते आणि बहुतेक पायऱ्यांवर बाद पद्धत असते. हरला की घरी. दहावी-बारावीचे क्रीडागुण कोणत्या पातळीपर्यंत खेळलात त्यावर ठरतात. अशा वेळी शिक्षक नवख्या मुलाला उतरवण्याचा धोका पत्करणार नाही.

जरा हिशेब मांडू. सोळा शाळांची बाद पद्धतीची स्पर्धा असेल, तर एकूण पंधरा सामने होतात आणि आठ शाळा पहिल्याच सामन्यानंतर परत जातात. त्या शाळांतल्या सगळ्यात चांगल्या मुलालाही वर्षभरात एकच सामना मिळतो. त्याच सोळा शाळांचे चार-चारचे गट करून साखळी सामने घेतले, तर गटांत चोवीस आणि नंतर उपांत्य व अंतिम मिळून तीन, असे सत्तावीस सामने होतात आणि प्रत्येक शाळा किमान तीन खेळते. सामने जास्त होतात हे खरे. पण सात-सात जणांचे संघ आणि लहान मैदान घेतले, तर एका मोठ्या मैदानावर एकाच वेळी दोन सामने बसतात. लहान मैदानावर प्रत्येकाच्या पायाला चेंडूही जास्त वेळा लागतो.

नागपूरला विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेला ‘स्लम सॉकर’ उपक्रम ‘झुंड’ चित्रपटामुळे घराघरांत पोचला. त्या मुलांनी ज्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भाग घेतला, तिथे एका बाजूला चारच खेळाडू असतात, सामना चौदा मिनिटांचा असतो आणि बदली खेळाडू पुन्हा-पुन्हा आत-बाहेर करू शकतात. फुटबॉलच्या अधिकृत नियमांतही युवा आणि प्राथमिक पातळीवर बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा आहे, फक्त राष्ट्रीय संघटनेने ती मान्य करायची असते. ही एक मुभा वापरली, तर थकलेला तारा सावलीत पाणी पिऊ शकतो आणि बाकावरचा मुलगा दहा मिनिटे खेळू शकतो. दोन्ही तक्रारींवर हा एकच उपाय आहे.

सतरानंतर प्रश्न उलटतो

इथवर वाचून, गुणी मुलांना आवरा असा निष्कर्ष कुणी काढू नये. वाढ पूर्ण होत आली की प्रश्न नेमका उलटा होतो. १७ ते २१ या वयात गुणी खेळाडूला जास्त आणि अवघड सामने मिळायलाच हवेत, आणि आपल्या देशात नेमके तेव्हाच ते मिळत नाहीत.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्याच्या उत्साहात १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झाले आणि राज्यभरातल्या शाळांमध्ये एकाच दिवशी मुले फुटबॉल खेळली. विश्वचषकात भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला. कोलंबियाविरुद्ध जॅकसन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पेठापेठांतून फुटबॉल खेळणाऱ्या जिल्ह्यातला हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला.

विश्वचषक संपल्यावर ही मुले करणार काय, हा प्रश्न होता. मोठ्या क्लबांत गेली असती, तर परदेशी आणि अनुभवी खेळाडूंच्या मागे बाकावर बसली असती. म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये सुरू केलेला आणि २०१३ मध्ये बंद पडलेला ‘इंडियन ॲरोज’ संघ पुन्हा उभा केला. तो थेट आय-लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध खेळला. निकालांची सक्ती नव्हती, कारण या संघाला खालच्या श्रेणीत ढकलले जाणार नव्हते. पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीला ३-० हरवले, नंतर तो बऱ्याचदा हरला आणि गुणतक्त्यात तळाच्या भागातच राहिला. तरी त्यातले जॅकसन सिंग, सुरेश वांगजम यांसारखे खेळाडू पुढे भारताच्या मुख्य संघात आले, तर अनिकेत इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. गुणतक्त्यात मागे राहून खेळाडू पुढे गेले. २०२२ मध्ये हा संघ बंद झाला आणि युवा खेळाडूंच्या वेगळ्या लीगवर भर देण्यात आला. पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली : गुणी तरुणाला वेळ द्यायचा, तर निकालाची भीती कोणीतरी स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते.

मग मैदानावर काय करावे?

बारा वर्षांपर्यंत सर्वांना साधारण सारखा वेळ द्यावा आणि जागाही बदलत ठेवाव्यात. आज गोलरक्षक असलेला उद्या आघाडीला खेळू द्या. बारा ते चौदा या वयात प्रत्येकाला किमान अर्धा सामना मिळावा. चौदा ते सतरा या काळात खेळ पाहून वेळ ठरवायला हरकत नाही, पण त्याला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा असाव्यात. बाकावरच्यालाही काही मिनिटे हमखास मिळावीत आणि ताऱ्याचे आठवड्याचे तास त्याच्या वयाच्या पुढे जाऊ नयेत. शाळा, मोहल्ला आणि तालुका या तिन्ही संघांचे तास एकाच वहीत लिहिले, तर हे जमते. ती वही पालकांनी ठेवावी, कारण तिन्ही संघांचे वेळापत्रक फक्त त्यांनाच ठाऊक असते.

मुलगा खरोखर वयाच्या पुढे असेल, तर त्याला जास्त मिनिटे देण्यापेक्षा अवघड मिनिटे द्यावीत. त्याच वयोगटात नव्वद मिनिटे सोपे गोल करण्यापेक्षा मोठ्या मुलांबरोबर तीस मिनिटे खेळून तो अधिक शिकेल. प्रत्येक सराव पंधरा-वीस मिनिटांच्या नीट तयारीने सुरू करावा. तोल, उडी मारून नीट उतरणे आणि पडण्याचे तंत्र शिकवणाऱ्या ‘११ प्लस किड्स’ या व्यायामक्रमाची चार युरोपीय देशांत सात ते तेरा वयाच्या मुलांवर चाचणी झाली, तेव्हा दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याला लागते फक्त मैदान, चेंडू आणि शिक्षकाची चिकाटी.

लंगडणे, एकाच जागी पंधरा दिवसांहून जास्त दुखणे, सांध्याला सूज, रात्री जाग आणणारी वेदना किंवा खेळाचा अचानक कंटाळा, यांतले काहीही दिसले तर मुलाला थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. यातला कंटाळा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. अति खेळवलेल्या गुणी मुलालाही तो येतो आणि कधीच न खेळवलेल्या मुलालाही येतो.

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या दोन बापांना एकच उत्तर देता येईल. दादा, तुमचा पोरगा बाहेर बसला तो शिक्षा म्हणून नाही, त्याचे गुडघे पुढची दहा वर्षे टिकावेत म्हणून. आणि तुमचा पोरगा आत गेला तो उपकार म्हणून नाही, तो सतराव्या वर्षी काय होईल हे आज आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही म्हणून.